हिंदूरावांची कोठी

प्रस्तावना

दिल्लीच्या दक्षिण भागात मुनिरका नावाचे जुने गाव आहे. शहर वाढत गेले आणि हे गाव त्याच्या पोटात आले. शिक्षणासाठी, नोकरीधंद्यासाठी दूरदूरच्या प्रांतांतून आलेली माणसे येथे भाड्याच्या खोल्यांतून राहतात. घरात कोणाला मोठे दुखणे आले, तर मुनिरक्यातील माणूस बहुधा सफदरजंग रुग्णालयाची वाट धरतो. हे रुग्णालय 1942 मध्ये, दुसरे महायुद्ध चालू असताना, सैनिकांसाठी उभारले गेले होते. 1954 मध्ये ते भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाकडे आले आणि सर्वसामान्यांसाठी खुले झाले. मुनिरक्यापासून काही किलोमीटरवर, धौला कुआँ येथे, लष्कराचे संशोधन व संदर्भ रुग्णालय आहे. तेथे आजही जखमी सैनिकांवर उपचार होतात.

जखमी सैनिकाला स्वच्छ खाट, शुद्ध पाणी आणि शिकलेली परिचारिका मिळावी, हे आज आपल्याला स्वाभाविक वाटते. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी ते तसे नव्हते. प्रस्तुत पाठात आपण दिल्लीतील एका कोठीच्या निमित्ताने एकोणिसाव्या शतकातील युद्धकालीन रुग्णसेवेची ओळख करून घेणार आहोत. या कोठीला एका मराठी सरदाराचे नाव आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• 1857 च्या दिल्लीतील जखमी सैनिकांच्या स्थितीचे वर्णन करू शकाल;
• युद्धात गोळीपेक्षा रोगाने अधिक माणसे का मरत, हे स्पष्ट करू शकाल;
• फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि आंरी द्युनां यांच्या कार्याचे महत्त्व सांगू शकाल;
• पाठातील वाक्प्रचार व संधी ओळखून त्यांचा योग्य वापर करू शकाल.

मूळ पाठ

1. कागलचे घाटगे दिल्लीत

मुनिरक्याहून मेट्रोने निघाले आणि हौज खास व काश्मिरी गेट येथे गाडी बदलली, तर पुलबंगश हे स्थानक लागते. तेथून थोड्या अंतरावर एक लांबट, खडकाळ टेकडी आहे. दिल्लीकर तिला ‘रिज’ म्हणतात. मुनिरक्याच्या आसपासचे खडक ज्या अरवली पर्वतरांगेचे, तिचेच हे उत्तरेकडील टोक होय. या टेकडीवर ‘हिंदूराव रुग्णालय’ उभे आहे. रोज असंख्य रुग्ण तेथे येतात. परंतु हे हिंदूराव कोण, असा प्रश्न त्यांच्यापैकी फार थोड्यांना पडत असेल.

हिंदूराव म्हणजे कोल्हापूरजवळच्या कागलच्या घाटगे घराण्यातील एक सरदार. ग्वाल्हेरचे दौलतराव शिंदे यांच्या पत्नी बायजाबाई या त्यांच्या भगिनी. ग्वाल्हेरच्या राजकारणातून बाजूला झाल्यावर हिंदूराव दिल्लीत स्थायिक झाले. टेकडीवरील एक प्रशस्त कोठी विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याने बांधली होती. 1835 मध्ये फ्रेझरचा खून झाला. पुढे ती कोठी हिंदूरावांनी घेतली आणि लोक तिला त्यांच्याच नावाने ओळखू लागले. 1857 चा उठाव होण्यापूर्वीच हिंदूराव निवर्तले. आपल्या घरात पुढे काय घडणार आहे, हे पाहण्यास ते उरले नाहीत.

2. टेकडीवरील तीन महिने

मे 1857 मध्ये उठाव केलेल्या शिपायांनी दिल्ली ताब्यात घेतली. 8 जून रोजी कंपनीचे सैन्य टेकडीवर येऊन पोहोचले आणि 14 सप्टेंबरला त्याने शहरावर अंतिम हल्ला चढवला. मधल्या तीन महिन्यांत हिंदूरावांची कोठी हे या सैन्याचे सर्वांत महत्त्वाचे ठाणे होते. मेजर चार्ल्स रीड याच्या हाताखालील सिरमूर पलटणीचे गुरखे तेथे तळ ठोकून होते. शहराच्या तटावरील तोफा कोठीवर सतत मारा करीत. भिंतींची चाळण झाली. तरीही या पलटणीचे जखमी त्याच कोठीत ठेवले जात. दारूगोळा, लढणारे आणि जखमी यांचे छप्पर एकच होते. एकदा तर तोफेचा गोळा थेट कोठीत शिरला आणि काही माणसे जागीच ठार झाली. वेढा संपला तेव्हा पलटणीच्या 490 जणांपैकी 327 जण मृत वा जखमी झाले होते.

रणांगणावर पडलेल्या सैनिकाला उचलून आणण्याचे साधन म्हणजे डोली. ती वाहणारे भोई हिंदी होते. त्यांच्या हाती शस्त्र नसे. तरीही गोळ्यांच्या वर्षावात जिवावर उदार होऊन त्यांना पुढे जावे लागे. पखालवाले भिस्तीही तसेच. ज्येष्ठ-आषाढातल्या उन्हात रक्त गेलेल्या माणसाला सर्वांत आधी हवे असे ते पाणी. आणि ते घेऊन येणारा भिस्ती हाच त्याचा पहिला वैद्य ठरे. इतिहासात सेनापतींची नावे राहिली. या माणसांची बहुधा राहिली नाहीत.

डोली शस्त्रवैद्याच्या तंबूपर्यंत पोहोचली, तरी संकट टळत नसे. त्या काळातील मऊ शिशाची गोळी हाडाचा चुरा करी. अशा वेळी हात किंवा पाय कापून टाकणे हाच उपाय मानला जाई. क्लोरोफॉर्मने भूल देण्याची युक्ती 1847 मध्ये सापडली होती. त्यामुळे शस्त्रक्रियेची वेदना टाळता येऊ लागली, पण शस्त्रक्रियेनंतरचा मृत्यू टळला नाही. कारण जंतू म्हणजे काय, हेच तोवर ठाऊक नव्हते. एकाच पाण्यात बुडवलेल्या स्पंजाने एकामागून एक जखमा पुसल्या जात. शस्त्रे केवळ पुसून पुन्हा वापरली जात. जखमेत होणारा पू हे तर बरे होण्याचे लक्षण आहे, असे अनेक निष्णात वैद्यही मानीत.

3. न दिसणारा शत्रू

टेकडीच्या मागे पसरलेल्या छावणीत आणखी एक शत्रू शिरला होता. त्याला तोफ नव्हती, निशाण नव्हते. तो होता पटकी, म्हणजेच कॉलरा. दिल्लीकडे निघालेले सरसेनापती अॅन्सन 27 मे रोजी कर्नाल येथे पटकीने मरण पावले. त्यांच्यामागून सूत्रे हाती घेणारे बर्नार्ड 5 जुलै रोजी त्याच रोगाने गेले. त्यांच्यानंतर आलेले रीड (हे कोठीतील मेजर रीड नव्हेत) यांना आजारपणामुळे 17 जुलै रोजी पद सोडावे लागले. दोन महिन्यांच्या आत तीन सेनापती गेले, आणि त्यांपैकी एकालाही शत्रूची गोळी लागली नव्हती. सेनापतींची ही अवस्था, तर सामान्य शिपायाची काय असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

तटाच्या आत शहरात असलेल्या शिपायांनाही जखमा होत होत्या, रोग होत होते. त्यांची मुख्य भिस्त शहरातील हकीम व जर्राह यांच्यावर होती. 14 सप्टेंबरच्या एका दिवसात कंपनीच्या सैन्यातील सुमारे 1170 माणसे मृत वा जखमी झाली. तटाच्या आत किती पडले, याचा असा काटेकोर हिशोब कोणी ठेवला नाही. शहर पडल्यावर हाती लागलेल्या शिपायांना दया दाखवली गेली नाही; जागचे हलू न शकणारे जखमीही त्यातून सुटले नाहीत. जखमी शत्रूला मारू नये, असा कोणताही सर्वमान्य आंतरराष्ट्रीय करार तेव्हा जगात अस्तित्वात नव्हता. एकाच टेकडीच्या दोन बाजूंना पडलेल्या दोन जखमींपैकी एकाला डोली मिळे आणि दुसऱ्याला मृत्यू. जखम मात्र दोघांची सारखीच होती.

4. हिशोब मांडणारी परिचारिका

दिल्लीच्या वेढ्यापूर्वी तीन वर्षे, 1854 मध्ये, क्रिमियाच्या युद्धातील जखमी इंग्रज सैनिक तुर्कस्तानातील स्कुटारी येथे आणले जात होते. 4 नोव्हेंबर 1854 रोजी फ्लॉरेन्स नाइटिंगेल 38 स्त्रियांना घेऊन तेथे पोहोचल्या. रात्री हाती दिवा घेऊन रुग्णांची विचारपूस करणारी करुणामूर्ती, हे त्यांचे चित्र सर्वांना परिचित आहे. परंतु त्यांचे खरे मोठेपण त्या चित्राच्या पलीकडे आहे.

नाइटिंगेल आल्या, अन्न सुधारले, कपडे धुतले जाऊ लागले. तरीही मृत्यू थांबले नाहीत. फेब्रुवारी 1855 मध्ये दाखल झालेल्या दर शंभर रुग्णांमागे सुमारे 42 जण दगावत होते. इमारतीखालची गटारे तुंबली होती, हवा कोंडली होती, खाटांची दाटी झाली होती. मार्चमध्ये इंग्लंडहून आरोग्य आयोग आला. त्याने गटारे उपसली, पाण्याची व्यवस्था सुधारली, हवेला वाट करून दिली. जूनपर्यंत हेच प्रमाण शंभरी दोनच्या आसपास आले.

युद्ध संपल्यावर नाइटिंगेल यांनी हे आकडे मांडून अभ्यासले, तेव्हा त्यांना एक कठोर सत्य दिसले. बहुसंख्य सैनिक जखमांनी मेले नव्हते. टाळता येण्याजोग्या रोगांनी मेले होते. म्हणजे शुश्रूषेत केवळ दया पुरेशी नाही. दयेला व्यवस्थेची, स्वच्छतेची आणि हिशोबाची जोड हवी. हे सत्य त्यांच्या स्वतःच्या रुग्णालयालाही लागू होते, म्हणून त्यांनी ते लपवले नाही. आकडेवारी पाहताक्षणी समजावी, यासाठी त्यांनी 1858 मध्ये रंगीत आकृत्या प्रसिद्ध केल्या. 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने परिचारिकांची शाळा सुरू झाली.

नाइटिंगेल हिंदुस्थानात कधीही आल्या नाहीत. पण हिंदुस्थान त्यांच्या टेबलावर आला. 1859 मध्ये येथील सैन्याच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी शाही आयोग नेमला गेला. देशभरातील छावण्यांकडून आलेली उत्तरे त्यांनी तपासली. 1863 च्या अहवालातून दिसले की, येथील गोऱ्या सैनिकांत दरवर्षी हजारी 69 जण मरत होते. पाणी, गटारे आणि बराकी यांत सुधारणा झाल्यावर, 1873 मध्ये, हे प्रमाण हजारी 18 वर आल्याचे त्यांनी नमूद केले. छावणीच्या भिंतीबाहेरील गावांना शुद्ध पाणी मिळाल्याशिवाय सैन्यही निरोगी राहणार नाही, हेही त्यांनी ओळखले आणि हिंदी जनतेच्या आरोग्यासाठी पुढे अनेक वर्षे लेखणी झिजवली.

5. जखमीला शत्रू नसतो

24 जून 1859 रोजी इटलीतील सोल्फेरिनो येथे मोठी लढाई झाली. कामानिमित्त तेथे गेलेला आंरी द्युनां हा स्विस व्यापारी रणांगणावर विव्हळणारे हजारो सैनिक पाहून हादरला. जवळच्या कास्तिल्योने गावातील स्त्रिया कोणाच्या अंगावर कोणता गणवेश आहे, हे न पाहता जखमींना पाणी पाजीत होत्या, जखमा बांधीत होत्या. त्या साध्या स्त्रियांनी जे केले, ते सर्व राष्ट्रांनी करावे, असा विचार द्युनांने 1862 मध्ये पुस्तकरूपाने मांडला. त्यातूनच रेडक्रॉस ही संघटना जन्मास आली. 22 ऑगस्ट 1864 रोजी जिनिव्हा येथे 12 राष्ट्रांनी पहिला करार केला. जखमी सैनिक कोणत्याही पक्षाचा असो, त्याची शुश्रूषा झालीच पाहिजे, आणि शुश्रूषा करणाऱ्यांवर शस्त्र चालवता कामा नये, हे त्यात मान्य झाले. दिल्लीच्या पतनानंतर अवघ्या सात वर्षांनी हे घडले. दिल्लीतील जखमींना मात्र त्याचा उपयोग झाला नाही.

तीन वर्षांनी, 1867 मध्ये, जोसेफ लिस्टर या शस्त्रवैद्याने कार्बॉलिक आम्ल वापरून जखमा निर्जंतुक ठेवण्याची पद्धत जगापुढे मांडली. आरंभी अनेकांनी तिची थट्टा केली. हळूहळू ती रूढ झाली आणि शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू घटले.

टेकडीवरील कोठीच्या जागी 1911 मध्ये लहानसे रुग्णालय सुरू झाले. आज ते दिल्ली महानगरपालिकेचे सर्वांत मोठे रुग्णालय आहे. जेथे कोणत्या बाजूचा जखमी आहे, हे पाहून जगणे-मरणे ठरत होते, तेथे आता कोणीही केसपेपर काढून रांगेत उभा राहू शकतो. प्रसूतीसाठी आलेली स्त्री, अपघातात सापडलेला हमाल, तापाने फणफणलेले मूल – कोणत्या पक्षाचे, असे त्यांना कोणी विचारत नाही. हा हक्क आपोआप मिळालेला नाही. ज्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत, अशा असंख्य जखमींच्या वेदनांतून तो हळूहळू आकारास आला आहे. हात धुऊन रुग्णाजवळ जाणारी परिचारिका आणि वेळेवर वाहते केलेले गटार, या दोन्ही गोष्टी त्या हक्काच्या राखणदार आहेत.

शब्दार्थ

कोठी – (येथे) मोठे, प्रशस्त निवासस्थान
निवर्तणे – मरण पावणे
भोई – पालखी वा डोली वाहणारा
पखाल – पाणी वाहून नेण्याची कातडी पिशवी
शस्त्रवैद्य – शस्त्रक्रिया करणारा वैद्य
जर्राह – जखमांवर उपचार करणारा पारंपरिक वैद्य
पटकी – दूषित पाण्यामुळे पसरणारा जुलाब-वांत्यांचा रोग, कॉलरा
भिस्त – भरवसा
दगावणे – मरण पावणे

पाठगत प्रश्न

योग्य पर्याय निवडा.
1. हिंदूराव हे कोणत्या गावच्या घराण्यातील होते?
(अ) सातारा (आ) कागल (इ) ग्वाल्हेर (ई) कर्नाल
2. सेनापती बर्नार्ड यांचा मृत्यू कशामुळे झाला?
(अ) गोळी लागून (आ) उष्माघाताने (इ) पटकीने (ई) शस्त्रक्रियेमुळे
3. पहिला जिनिव्हा करार कोणत्या वर्षी झाला?
(अ) 1854 (आ) 1857 (इ) 1864 (ई) 1867

आशयाचे आकलन

या पाठात लेखकाने एका वास्तूचा धागा धरून मोठा विषय उलगडला आहे. कोठीची कथा सांगताना सेनापतींच्या पराक्रमापेक्षा भोई, भिस्ती आणि जखमी यांच्याकडे त्याचे लक्ष अधिक आहे. ‘पटकी’ला शत्रू म्हटले आहे, कारण तिने तोफेपेक्षाही अधिक भीती निर्माण केली. नाइटिंगेल यांच्या कार्यातून शुश्रूषेला व्यवस्थेची जोड हवी, हा विचार पुढे येतो. तर द्युनां यांच्या कार्यातून शुश्रूषेला भेदभाव मान्य नाही, हा विचार पुढे येतो. हे दोन्ही विचार एकत्र आले, तेव्हाच आजचे रुग्णालय घडले. स्कुटारीच्या उदाहरणात लेखकाने आकडे दिले आहेत, तेही लक्षात घ्या. ‘पुष्कळ माणसे मेली’ या विधानापेक्षा ‘शंभरी 42 वरून शंभरी दोन’ हे विधान अधिक पटणारे आहे.

भाषाभ्यास

(अ) वाक्प्रचार
जिवावर उदार होणे – प्राणांची पर्वा न करणे.
वाक्य : पुरात अडकलेल्या मुलाला वाचवण्यासाठी नावाडी जिवावर उदार झाला.
चाळण होणे – असंख्य भोके पडणे.
लेखणी झिजवणे – एखाद्या कार्यासाठी सातत्याने लेखन करणे.
शेवटच्या दोन वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग तुम्ही करा.

(आ) संधी
रुग्ण + आलय = रुग्णालय (अ + आ = आ)
‘हिमालय’, ‘विद्यार्थी’, ‘देवालय’ या शब्दांचा असाच विग्रह करा.

(इ) उपसर्ग
‘निर्जंतुक’ या शब्दात ‘निर्’ हा उपसर्ग आहे. तो अभाव दाखवतो. ‘निर्’ हा उपसर्ग लागलेले आणखी तीन शब्द लिहा.

तुम्ही काय शिकलात

• 1857 च्या दिल्लीत हिंदूरावांची कोठी हे युद्धाचे ठाणे होते आणि जखमींचे आश्रयस्थानही होते.
• जंतूंचे ज्ञान नसल्यामुळे आणि अस्वच्छतेमुळे जखमांपेक्षा रोगांनी अधिक सैनिक मरत.
• नाइटिंगेल यांनी आकडेवारीच्या आधारे स्वच्छतेचे महत्त्व पटवून दिले.
• 1864 च्या करारामुळे कोणत्याही पक्षाच्या जखमी सैनिकाची शुश्रूषा करणे हे कर्तव्य ठरले.

पाठान्त प्रश्न

1. भिस्तीला जखमी सैनिकाचा ‘पहिला वैद्य’ का म्हटले आहे?
2. क्लोरोफॉर्ममुळे कोणती अडचण दूर झाली आणि कोणती कायम राहिली?
3. ‘शुश्रूषेत केवळ दया पुरेशी नाही’ हे विधान स्कुटारीच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
4. ‘जखमीला शत्रू नसतो’ या शीर्षकाची समर्पकता 80 ते 100 शब्दांत सांगा.
5. तुमच्या वस्तीजवळील रुग्णालयाला भेट द्या. ते केव्हा व कोणासाठी सुरू झाले, याची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

1. (आ) 2. (इ) 3. (इ)